कोळीवाड्याचा इतिहास लिहायचाय? आधी जाळ्याचा आस मोजा

विचारलेला प्रश्न असा: "माझे आजोबा पालघरजवळच्या सातपाटीचे तांडेल (होडीचे म्होरके). आम्ही दोन पिढ्या विरारला राहतो. यंदा नारळी पौर्णिमेच्या स्मरणिकेत गावाचा इतिहास लिहायचं काम माझ्यावर आलंय. पुस्तकांत शिरगावचा किल्ला, पोर्तुगीज आणि चिमाजी अप्पा एवढंच सापडतं. सुरुवात कुठून करू? आणि आपण मुळात आलो कुठून?"

मच्छीमार सहकारी संस्थांचे हिशेब तपासण्यात माझी अठ्ठावीस वर्षं गेली. मी इतिहासकार नाही. पण डहाणूपासून उत्तनपर्यंतच्या संस्थांच्या किर्द-खतावण्या इतक्यांदा चाळल्या आहेत की गावाचं नाव झाकून पान दाखवलं, तरी ते डोलीच्या जाळ्याचं गाव आहे की दालद्याच्या, हे मी सांगू शकतो. सुरुवात कुठून करायची याचं माझं उत्तरही त्यातच आहे. पण आधी दुसरा प्रश्न उरकून घेतो, कारण त्यात अडकून वाया गेलेल्या बऱ्याच स्मरणिका मी पाहिल्या आहेत.

पालघर-वसईच्या किनाऱ्यावर मांगेला, वैती, सोनकोळी, ख्रिस्ती कोळी असे वेगवेगळे समाज मासेमारी करतात. मांगेल्यांच्या सोयरिकी तर डहाणू ओलांडून उंबरगाव-वलसाडपर्यंत जातात. आपण कुठून आलो याची प्रत्येक घरात एक कथा आहे आणि शेजारच्या घरात दुसरी. ज्या घरी जी ऐकाल ती सांगणाऱ्याच्या शब्दांत, त्याच्याच बोलीत उतरवून घ्या आणि तशीच छापा. त्यातली एक निवडून तिला इतिहास म्हणालात, तर पुढच्या होळीपर्यंत तुम्हाला गावात चहा मिळणार नाही.

किल्ल्यांना दोन परिच्छेद पुरे. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली, मग वर शिरगाव, माहीम, केळव्यापर्यंत त्यांच्या गढ्या-किल्ले उभे राहिले आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत हा पट्टा मराठ्यांकडे आला. हे लिहायला हवं. पण तुमच्या पूर्वजांनी त्या वर्षी कुठलं जाळं टाकलं, हे त्या पुस्तकांत मिळणार नाही.

आता जाळ्याकडे या. आपल्या किनाऱ्यावर दोन मोठ्या रीती आहेत. एक डोल. ही लांबलचक पिशवी असते, तोंडाशी रुंद आणि मागे निमुळती होत शेपटाकडच्या खोल्यापाशी अगदी बारीक आसाची. आस म्हणजे जाळ्याच्या विणीतलं भोक. समुद्रात खांब ठोकून, म्हणजे कव मारून, तिचं तोंड प्रवाहाकडे करून बांधतात. भरती-ओहोटीचं पाणी तिच्यातून धावतं आणि जे येईल ते खोल्यात साचतं: बोंबील, जवळा, करंदी, मांदेली. पाणी थबकलं की डोल उचलायची. आपल्याकडे उधाणाला चार-पाच मीटर पाणी चढतं-उतरतं म्हणून हे जमतं. खाली सिंधुदुर्गात पाण्याला एवढी ओढ नाही, तिथे डोलीऐवजी किनाऱ्यावरून ओढायची रापण दिसते.

दुसरी रीत दालद्याची. पाण्यात भिंतीसारखं उभं राहणारं, प्रवाहाबरोबर वाहत जाणारं हे जाळं. मासा त्यात डोकं घालतो आणि कल्ल्यापाशी अडकतो. आसाहून लहान असेल तर निसटून जातो. दालदा पापलेट, घोळ, दाढा, सुरमई अशा निवडक मालासाठी. वसई, अर्नाळा, उत्तन ही मुख्यतः डोलीची गावं, आणि सातपाटी दालद्याचं.

तुमच्या लेखाचा कणा हाच धरा, असं मी म्हणेन, कारण गावातल्या बाकीच्या गोष्टी यातूनच निघाल्या आहेत. डोलीचा बोंबील उन्हात सुकतो, त्याला मीठसुद्धा लागत नाही. म्हणून डोलीच्या गावाला वाळवणीची मोकळी जागा लागते, मासे वाळत टाकायला बांबूच्या वलांड्या लागतात आणि बायकांचे हात लागतात. माल टिकतो, म्हणून सावकार आज नाही तर महिन्याने आला तरी चालतं. पापलेटाचं तसं नाही. त्याची किंमत ताजेपणात. होडी लागली त्या क्षणापासून घड्याळ सुरू होतं. म्हणून दालद्याच्या गावाला बर्फ लागतो, वाहन लागतं, मुंबईचा भाव त्याच दिवशी कळावा लागतो आणि हे सगळं उभं करायला भांडवल लागतं. ते एकट्याच्या आवाक्यातलं नाही. मग एक तर दलालाच्या दाराशी जा, नाही तर चार नाखवे, म्हणजे होडीमालक, मिळून संस्था काढा. सातपाटीत संस्था रुजली त्याचं श्रेय गावाच्या एकीला देण्याची पद्धत आहे. असेलही तसं. पण मला विचाराल तर अर्धं श्रेय पापलेटाच्या नासण्याला द्या.

पहिलं वळण रेल्वेचं, तीही याच ओळीत येते. १८६४ मध्ये सुरतेकडून आलेली लोहमार्गाची वाट मुंबईला पोचली, ती पालघरवरून. सातपाटीहून पालघर स्टेशन दहा किलोमीटरच्या आत. ज्या कोळीवाड्याला स्टेशन जवळ नव्हतं, तो गलबतावर आणि सुक्या मालावर अवलंबून राहिला.

दुसरं वळण धाग्याचं. नायलॉन यायच्या आधी जाळी सुताची आणि तागाची होती. खाऱ्या पाण्यात ती कुजत, म्हणून ठरावीक दिवसांनी मोठ्या भांड्यात ऐनाची साल उकळून त्या काढ्यात जाळी बुडवायची आणि वाळवायची. साल जंगलातून यायची, म्हणजे कोळीवाड्याचा जंगलपट्टीशी हा नेहमीचा व्यवहार होता. विणकाम घरातच चाले. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या की ओटीवर म्हातारी माणसं सुंभ आणि सूत घेऊन बसत. साठच्या दशकात नायलॉन आलं आणि उकळणं, वाळवणं, निम्मं विणणं गेलं. जाळं टिकाऊ झालं, हलकं झालं, म्हणून लांब झालं. ज्या होडीत पूर्वी मोजकी जाळी मावत, तिच्यात दुप्पट-तिप्पट जायला लागली. ही वाढ मी खतावण्यांत पाहिली आहे: एका नाखव्याच्या खात्यावर धाग्याची उचल वर्षाला दोनदा, मग चारदा, मग धाग्याऐवजी तयार जाळं.

तिसरं वळण इंजिन. पन्नाशीच्या दशकात मुंबई राज्य सरकारने शिडाच्या मचव्यांना डिझेल इंजिन बसवायला कर्ज द्यायला सुरुवात केली. भारतात बऱ्याच ठिकाणी यासाठी नव्या घाटाच्या बोटी आखाव्या लागल्या, कारण तिथल्या होड्या तराफ्यासारख्या किंवा कोरीव ओंडक्याच्या होत्या. सातपाटी आणि वर्सोव्याच्या मचव्यांचा बांधा मात्र मुळातच असा भरदार होता की फारशी मोडतोड न करता त्यांत इंजिन बसलं. म्हणून देशात यांत्रिकीकरणाचा पहिला जोर इथे दिसतो. मत्स्यव्यवसायाच्या जुन्या लिखाणात 'सातपाटी घाटाची बोट' हा शब्दप्रयोगच आहे. तुमच्या गावच्या सुतारांची नावं त्यात नाहीत, ती तुम्ही शोधा. माझ्या मते स्मरणिकेचं सगळ्यात मोलाचं पान ते ठरेल. कुठल्या सुताराने कुणाची बोट बांधली, लाकूड कुठून आणलं, नाळेचा, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाचा, कोन कशाने मोजला. ही माणसं झपाट्याने जात आहेत, कारण आता फायबरच्या बोटी साच्यातून निघतात.

संस्थांबद्दल थोडं. भारतातली पहिली मच्छीमार सहकारी संस्था रत्नागिरीजवळ कर्ला इथे १९१३ मध्ये निघाली. सातपाटीत विविध कार्यकारी आणि सर्वोदय अशा दोन संस्था आहेत. दोन का, हा प्रश्न गावात जपून विचारा. संस्था काय करते ते बाहेरच्या वाचकाला नीट सांगा: बर्फ, डिझेल, जाळी, कर्ज, आणि मुख्य म्हणजे पापलेटाचं वजन करून प्रतवारी लावणं. अर्धा किलोच्या वर गेला की सुपर, मग खाली एक नंबर, दोन नंबर असं उतरत जातं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी एका संस्थेत हे काम पाहत उभा होतो. काट्यावरची बाई मासा हातात घेई आणि काट्याकडे न बघता योग्य ढिगात टाके. मी अधिकाऱ्याच्या तोऱ्यात म्हटलं, "मावशी, वजन करून टाका." तिने पाच मासे उचलून एकेक करून काट्यावर ठेवले. पाचही बरोबर. सहावा माझ्या हातात देऊन म्हणाली, "आता तू सांग." मी चुकलो, शंभर ग्रॅमने. त्यानंतर तिच्या प्रतवारीवर मी कधी शेरा मारला नाही.

ही प्रतवारीची पुस्तकं म्हणजे समुद्राची जन्मपत्रिका आहे. सुपरचा रकाना वर्षागणिक कसा रिकामा होत गेला आणि खालच्या नंबरांचे कसे भरत गेले, हे त्यात दिसतं. कुणाच्या भाषणापेक्षा त्या रकान्यांवर माझा विश्वास जास्त आहे.

आसाची गोष्टही इथेच येते. एक म्हातारे तांडेल मला एकदा जाळ्यापाशी घेऊन गेले. डाव्या हाताची चार बोटं जुळवून जुन्या जाळ्याच्या आसात घातली, ती सरळ आत गेली. मग शेजारी पडलेलं मुलाचं नवं जाळं उचललं. तीन बोटं गेली, चौथं अडलं. ते काही बोलले नाहीत, फक्त अडलेलं बोट दाखवलं. मोठा मासा कमी झाला म्हणून आस लहान केला, आस लहान केला म्हणून लहान मासाही गेला. हे चक्र कुणा एकाने सुरू केलं नाही, त्यामुळे कुणा एकाला थांबवताही येत नाही.

सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये सिल्व्हर पापलेटला राज्यमाशाचा मान दिला. त्याच सुमारास किमान आकारमानाचे नियम आले. त्यांत पापलेटाला १३५ मिलिमीटरची मर्यादा आहे. पट्टी घेऊन १३५ मिलिमीटर कागदावर आखून बघा, तळहाताहून जेमतेम मोठं निघेल. एवढ्या पापलेटाने एकदाही अंडी घातलेली नसतात, असं जुने तांडेल सांगतात, आणि मला त्यांचं पटतं. पावसाळी बंदी सध्या १ जून ते ३१ जुलै. आधी ती १० जूनपासून १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यांत जे आधी येईल तोवर असे. तुमची स्मरणिका नारळी पौर्णिमेची आहे, तेव्हा ही नोंद जरूर घ्या. सोन्याचा नारळ वाहून मग होडी पाण्यात लोटायची हा रिवाज आणि सरकारी तारीख पूर्वी एकमेकींना धरून होत्या. आता पौर्णिमा येते तेव्हा कित्येक बोटी दोन फेऱ्या मारून आलेल्या असतात.

कव मारण्यावरचा वाद टाळू नका. टाळलात तर लेख गुळगुळीत होईल. डोलवाल्यांनी कव मारल्या की त्या जागी खांबांचं रान उभं राहतं. वाहतं दालदं त्यात अडकून फाटतं. सातपाटी-डहाणूकडच्यांचं म्हणणं, वसई-उत्तनवाले आमच्या हद्दीत सरकत आले. वसई-उत्तनवाल्यांचं म्हणणं, समुद्राला हद्द कुठली, आमचे बापजादे इथेच कव मारत होते. कित्येक दशकं बैठका होत आल्या आहेत, तडजोडी होतात आणि पुढच्या हंगामात मोडतात. तुम्ही सातपाटीचे असल्याने एक बाजू घरी ऐकली असेल, दुसरी ऐकायला अर्नाळ्याला एक दिवस जाऊन या. एवढंच लक्षात ठेवा की दोघांचीही हद्द आठवणीतली होती. डोंगरांच्या खुणा एकमेकींवर जुळवून जागा ठरवायची, डहाणूकडचा महालक्ष्मीचा सुळका अमक्या झाडाच्या रेषेत आला की जाळं टाकायचं, अशी ती मोजणी. जीपीएस आल्यावर त्या खुणा पुढच्या पिढीला कुणी शिकवल्या नाहीत. आजोबांना किती खुणा ठाऊक होत्या ते विचारणं आता शक्य नसेल, पण त्यांच्या बरोबरीचा कुणी असेल तर त्याच्याकडून एवढ्या तरी लिहून घ्याच.

१९४२ तुम्ही घ्यालच. १४ ऑगस्टला पालघरच्या कचेरीवर आसपासच्या गावांतून मोर्चे निघाले, गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मे झाले. त्यांत सातपाटीचे काशिनाथ हरी पागधरे होते. दरवर्षी पालघरला अभिवादन होतं. माझी सूचना इतकीच की त्या दिवसाबरोबर तो आठवडाही लिहा. ऑगस्टचा मध्य म्हणजे होड्या अजून किनाऱ्यावर, गडीमाणूस घरी. दर्यावरची गावं त्या मोर्चांत एवढ्या संख्येने होती त्यात हंगामाचाही वाटा असावा, असा माझा तर्क आहे. तर्क म्हणूनच छापा.

होडीवर कोण आहे, हाही इतिहास आहे आणि तो झपाट्याने बदलला आहे. पूर्वी भाऊ, चुलतभाऊ, मेहुणे मिळून जात. मालातून खर्च वजा करून होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा आणि मग माणशी वाटे पडत. आज बऱ्याच बोटींवर खलाशी डहाणू, तलासरी, जव्हार-मोखाड्याकडचे आदिवासी असतात, काही परप्रांतातले. त्यांना हंगामाच्या आधी उचल द्यावी लागते. पूर्वी जोखमीत सगळे वाटेकरी होते, आता मालक एकटाच बुडतो किंवा एकटाच तरतो. इथलीच पुष्कळ मुलं गुजरातच्या ओखा, पोरबंदर, वेरावळ बंदरांतल्या बोटींवर जातात, आणि सागरी हद्दीजवळ पकडली जाऊन पाकिस्तानच्या तुरुंगात अडकल्याच्या बातम्या आपल्याच तालुक्यांतल्या पाड्यांवर येतात. कोळीवाड्याच्या स्मरणिकेत खलाशांच्या पाड्यांना सहसा एक ओळही मिळत नाही. तुम्ही द्या.

बायकांबद्दल स्वतंत्र प्रकरण करू नका, हे मी मुद्दाम सांगतो. 'कोळी स्त्रीचे योगदान' असं प्रकरण केलं की ती तिथेच कोंडली जाते. पैसा तिच्या हातात होता. माल विकायची ती, उधारी लक्षात ठेवायची ती, संस्थेच्या कर्जाचा हप्ता पदराच्या गाठीतून काढून टेबलावर ठेवायचीही तीच. खातं मात्र नवऱ्याच्या नावाचं. म्हणून माझ्या खतावण्यांत ती जवळजवळ दिसतच नाही. ही त्या कागदांची मोठी खोट आहे आणि तुम्हाला ती आत्या-मावश्यांशी बोलूनच भरून काढावी लागेल.

कागद कुठे शोधाल? एक अडचण ओळखून ठेवा. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला, जुनं सगळं ठाण्यात. आणि इंग्रजी अमदानीत तालुक्याचं नाव पालघर नसून माहीम होतं. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये 'पालघर' शोधत बसाल तर हाती फारसं लागणार नाही, 'माहीम' शोधा. मुंबईतल्या माहीमशी गल्लत मात्र करू नका, मी स्वतः एकदा दोन दिवस ती केली आहे. त्या ग्रंथात मासे, जाळी, होड्या यांची तपशिलवार वर्णनं आहेत. जातींबद्दलची साहेबी शेरेबाजी सोडून द्या आणि मापं तेवढी घ्या.

घरांच्या जमिनीचे कागद बहुधा मिळणार नाहीत. कोळीवाड्यांतल्या कितीतरी घरांना सातबारा नाही, वाळवणीच्या जागा सरकारी म्हणून नोंदलेल्या आहेत. फेब्रुवारी १९९१ मध्ये किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना निघाली, तेव्हापासून गावठाणाची हद्द आणि मासेमारीच्या जागा नकाशावर आणायची मागणी चालू आहे. तुमचा लेख उद्या कुणीतरी पुरावा म्हणून सुनावणीला नेईल, ही शक्यता गृहीत धरून लिहा. उत्तरेला तारापूरची अणुवीज १९६९ पासून आहे आणि तिच्या पुढच्या विस्तारात अक्करपट्टी-पोफरण उठलं. वाढवण बंदर १९९८ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने नाकारलं होतं, त्याच प्राधिकरणाने २०२३ मध्ये परवानगी दिली. जून २०२४ मध्ये केंद्राने ७६,२२० कोटींचा प्रकल्प मंजूर केला, ऑगस्टअखेर भूमिपूजन झालं. समुद्रात १,४४८ हेक्टर भराव व्हायचा आहे. खाडीपल्याड मुरब्यालाही बंदराचा प्रस्ताव आहे. अशा वेळी 'इथे आमचं दालदं जात होतं' हे तारीख-वार सांगणारा कागद गावाकडे असणं आणि नसणं यात फरक पडतो.

संस्थांचे कागद बघायला जाल तेव्हा लवकर जा. नाव घेत नाही, पण एका संस्थेत मी पहिल्या पंचवीस वर्षांच्या किर्दी लाल कापडात बांधलेल्या पाहिल्या होत्या. पाच वर्षांनी पुन्हा गेलो तर कपाट नवं, लोखंडी आणि आत काहीच नाही. उधाणाचं पाणी कार्यालयात शिरलं, गठ्ठे भिजले आणि रंगकामाच्या वेळी कुणीतरी ते रद्दीत घातले. सातपाटीचा धूपप्रतिबंधक बंधारा ठिकठिकाणी फुटून पावसाळ्यात घरांत पाणी येतं हे तुम्हाला ठाऊकच आहे. तेव्हा फोन घेऊन जा, पानन्‌पान टिपा, तारखेचा कोपरा कापला जाणार नाही एवढं बघा.

आणि घरी गेल्यावर आधी माळ्यावर चढा. आजोबांच्या जाळ्याचा एखादा तुकडा कुठल्यातरी पिंपावर झाकण म्हणून नाहीतर अळवाच्या वाफ्याला कुंपण म्हणून सापडेलच. तो ओढून ताणून धरा, आसात शाळेची पट्टी ठेवा आणि फोटो काढा. मग बंदरावर जाऊन चालू जाळ्याचा तसाच फोटो काढा. स्मरणिकेत दोन्ही एकाच पानावर लावा, खाली वर्षं लिहा.